तिसरी सभा

कवितेचं रसग्रहण होतं, बंदिशीचं होतं, हल्ली सिनेमातल्या एखाद्या दृश्याचंही होतं. अख्ख्या एका संध्याकाळचं रसग्रहण कुणी केलेलं माझ्या वाचनात नाही, म्हणून मला ते करून पाहायचं आहे. संध्याकाळ म्हणजे मावळतीचे रंग वगैरे नव्हे, आकाशवाणीची संध्याकाळ. रेडिओच्या भाषेत दिवसाचे तीन भाग असत आणि प्रत्येक भागाला सभा म्हणत. पहिली सभा सकाळची. तिच्यावर घड्याळ लावायचं, दाढी करायची, डबा भरायचा. दुसरी दुपारची, तिच्यात गृहिणींचे कार्यक्रम आणि अर्ध्या घराची झोप. पाच-साडेपाचला उघडणारी आणि रात्री अकराच्या आगेमागे मिटणारी ती तिसरी. पहिल्या दोन कानावर पडत, ही मात्र बसून ऐकली जाई.

या रचनेला एक असा कर्ता नाही. कार्यक्रम अधिकारी, उद्घोषक, ध्वनिमुद्रण करणारे, तबकड्या काढून देणारे, सगळ्यांनी मिळून ती लावलेली. पण लावण्यातच तिची कला. पंगतीत मिठापासून ताकापर्यंत वाढायचा एक क्रम असतो, तो मोडला की तेच पदार्थ बेचव होतात. इथे बाजारभावाला लागून भजन, भजनाला लागून बातम्या, मग नाट्यपद, मग श्रुतिका, आणि सगळ्यांच्या शेवटी ख्याल. यातलं हवं ते घ्यावं आणि नको ते वगळावं अशी सोय नव्हती. पुढचं ऐकायचं असेल तर मधलं सोसावं लागे, आणि सोसता सोसता ते आवडू लागे. वऱ्हाडाला या सभेने जे दिलं ते हे शेजारपण. तुरीचा भाव आणि मारवा एकाच आवाजाच्या माणसाने, एकाच अदबीने सांगितलेला ऐकत आमच्या दोन पिढ्या वाढल्या.

ऐकलं कुठून, हेही सांगायला हवं, कारण त्याने चव बदलते. आम्ही अमरावतीचे, आजोळ अकोल्याचं. केंद्र नागपूर. ते १६ जुलै १९४८ रोजी सुरू झालं तेव्हा नागपूर ही मध्यप्रांत-वऱ्हाडाची राजधानी होती. प्रांत दोन भाषांचा, म्हणून केंद्रही दोन भाषांचं. १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात गेला, १९६० साली महाराष्ट्र झाला, पण केंद्राच्या बोलण्यातली हिंदीची ये-जा थांबली नाही. पुण्याच्या श्रोत्याला मराठी भावगीतामागून हिंदी वार्ता आलेली खटकली असती. आमच्याकडे भाजीवाल्यापासून वकिलापर्यंत सगळेच दोन्ही भाषा वापरत, त्यामुळे कुणाच्या भुवया वर गेल्या नाहीत.

नागपूरहून अमरावती दीडशे किलोमीटर, अकोला त्याच्या पुढे आणखी शंभर. मध्यम लहरींवर ५८५ किलोहर्ट्‌झ. दिवसा आवाज जमिनीच्या अंगाने यायचा आणि स्वच्छ यायचा. सूर्य मावळला की वरच्या वातावरणातला लहरी शोषून घेणारा थर विरतो. मग लांबलांबची केंद्रं आकाशावरून परावर्तित होऊन उतरू लागतात, आणि नागपूरचाच जमिनीवरून आलेला आवाज आकाशावरून आलेल्या आवाजाशी भांडू लागतो. अमरावतीला हे फारसं जाणवत नसे. अकोल्याला मात्र ऐन श्रुतिकेत पात्रं मिनिटभर दूर जात आणि परत येत. शेजारून इंदूर डोकवायचं, कधी भलतीच भाषा आडवी यायची. ट्रान्झिस्टरच्या पोटात फेराइटची एक कांडी लांबीच्या अंगाने बसवलेली असते. ती केंद्राला आडवी धरली की आवाज सगळ्यांत जास्त भरतो, म्हणजेच रेडिओचं तोंड नाहीतर पाठ केंद्राकडे करावी लागते. हे शास्त्र आजोळच्या मामाजींना कुणी शिकवलं नव्हतं. पण माडीवर रेडिओ ठेवताना ते तो पूर्वेकडे तोंड करूनच ठेवत, आणि कुणी झाडताना फिरवला तर खालून ओरडत, "अबे, नागपुराकडं पाठ कोनं केली?"

सभेच्या आधी ती सुरावट. तंबोऱ्यावर तरंगणारं व्हायोलिन, शिवरंजनीच्या वळणाचं. तिचे कर्ते वॉल्टर कॉफमन हे बोहेमियातले ज्यू. युरोपातल्या छळापासून वाट काढत १९३४ साली मुंबईला आले आणि पुढे मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचं काम पाहू लागले. सुरावट ऐकताना एक गोष्ट ध्यानात येते. ती कुठे पोचतच नाही. वर जाते, थबकते, परत येते, पुन्हा तीच वर जाते. समेवर येऊन टाळी घ्यावी असा तिचा स्वभाव नाही. माणसांना जमू द्यायचं, तोवर दार उघडं ठेवायचं, एवढंच तिचं काम, आणि ते तिने इतकं नेमकं केलं की पुढे कुणाला ती बदलावीशी वाटली नाही. घरदार सोडून आलेल्या एका माणसाने आम्हाला घरी जमायची खूण करून दिली, हे मला फार उशिरा कळलं. कळल्यापासून तिच्यातला शिवरंजनी जरा जास्तच ऐकू येतो.

मग शेतकऱ्यांचा कार्यक्रम आणि बाजारभाव. यात रस काय घ्यायचा, असं शहरी वाचक म्हणेल. त्याने एकदा वऱ्हाडातल्या ओसरीवर बसून ते ऐकायला हवे होते. अकोला, अमरावती, खामगाव, कारंजा, धामणगाव. आपल्याच बाजारपेठांची नावं नागपूरहून कुणी खणखणीत वाचतंय आणि प्रत्येक नावापुढे किमान, कमाल असे दोन आकडे येतायत. वाचणाऱ्याने आवाजात काहीही भरायचं नसतं. सगळा भाव, दोन्ही अर्थांनी, ऐकणाऱ्याकडे. १९७२ साली राज्यात कापूस एकाधिकार खरेदी आली आणि या वाचनातलं नाट्यच गेलं. भाव सरकारने ठरवलेला, तो काय ऐकायचा? मग कान तुरीकडे, मुगाकडे, ज्वारीकडे वळले. संत्र्याचं मात्र शेवटपर्यंत नक्की नसे, म्हणून वरुड-मोर्शीकडची मंडळी तिथवर श्वास धरून बसत.

पण या कार्यक्रमाची खरी गंमत संभाषणात होती. अकोल्याला १९६९ साली कृषी विद्यापीठ झालं, पंजाबराव देशमुखांच्या नावाचं. तिथले तज्ज्ञ माहिती द्यायला येत. ते बोलत पुस्तकी मराठी: प्रादुर्भाव, लक्षणीय घट, शिफारशीत मात्रा. त्यांच्यासमोर बसलेला निवेदक गावकरी होऊन वऱ्हाडीत विचारी, "म्हंजे मंग हाती काई लागनार नाई, असंच ना साहेब?" साहेब क्षणभर अडखळत आणि मग त्यांच्याही तोंडून घरचा शब्द निसटे. ते अडखळणं मला त्या अर्ध्या तासातलं सगळ्यांत सुंदर वाटे. डोळ्याचा डोया करणारी, करून राहिलो-जाऊन राहिलो म्हणणारी, येजो-बसजो अशी मायेची आज्ञा करणारी आमची बोली सरकारी यंत्रावर बसून पदवीधराला प्रश्न विचारत होती. शाळेत याच बोलीवर छड्या बसत.

भजनाकडे येऊ. तुकडोजी महाराज आमच्याच जिल्ह्यातले, यावलीचे, आश्रम मोझरीला. त्यांच्या खंजिरी भजनाचा एक बाज आहे आणि तो माइकवर फार चांगला बसतो. खंजिरीला दोन आवाज, कातड्याचा बद्द आणि चकत्यांचा छुम. खालचा आवाज पाय धरून ठेवतो, वरचा मान हलवायला लावतो. मध्ये गाणाऱ्याचा जाड, मोकळा गळा. जागा घ्यायच्या नसतात, शब्द पोचवायचे असतात. इथे थोडं थांबून एक सरकारी चमत्कार सांगतो. १९४० ते १९७१ अशी तीस-एक वर्षं आकाशवाणीवर हार्मोनियमला बंदी होती. पेटी परदेशी, तिचे सूर ठाम, तिला मींड येत नाही, असा आक्षेप. आक्षेप खरा आहे. पण वऱ्हाडातल्या ज्या गावात देऊळ आहे तिथे पेटी आहे, आणि भजनी मंडळातला पेटीवाला हा गावातला अर्धा पुढारी. त्याला बाहेर ठेवून मंडळाने गायचं म्हणजे केवढं धर्मसंकट! खंजिरी-एकतारीच्या भजनाचं मात्र काही अडलं नाही. उलट पेटीची भिंत गेल्यावर गळा उघडा पडला आणि चकत्यांची छुम स्पष्ट झाली. बंदी मूर्खपणाची होती हे माझं मत कायम आहे. तिचा एक अनपेक्षित फायदा झाला, एवढं मान्य करतो.

भाद्रपद-आश्विनात भुलाबाईची गाणी लागत. पोळ्याच्या आगेमागे झडत्या. हे आमच्या अंगणातलंच, पण रेडिओवर लागलं की पोरी एकमेकींना कोपराने ढोसत. "आपलं लावलं व!"

बातम्यांविषयी मला काही म्हणायचं नाही. त्या वेळेवर असत आणि वेळेवर संपत.

नंतर नाट्यपद. इथे मला रेंगाळायचं आहे, कारण या वळणावर वऱ्हाडाचा हिशोब निघतो. अमरावतीचे वीर वामनराव जोशी पत्रकार, स्वातंत्र्यसैनिक, तुरुंगात गेलेले आणि नाटककार. त्यांचं ‘रणदुंदुभी’ १९२७ साली बलवंत संगीत मंडळीने रंगभूमीवर आणलं. त्यात मास्टर दीनानाथ गायले. परक्याच्या सत्तेत स्वातंत्र्याची भाषा उघड बोलता येत नव्हती, म्हणून ती जरीच्या पोशाखात, राजारजवाड्यांच्या गोष्टीत घालून सांगितलेली. रंगमंचावर एकेका पदाला वन्समोअर मिळून प्रयोग पहाटेपर्यंत लांबत. तबकडीवर त्याच पदाला तीन मिनिटं. रेडिओवर ती तबकडी लागली की नाटक पूर्ण गळून गेलेलं असे. कोण गातंय, कुणाला उद्देशून, आधी काय झालं, काहीच नाही. उद्घोषकाचं एक वाक्य, त्यात नाटक, नाटककार, गायक, आणि मग थेट आवाज.

हे नुकसान आहे, पण त्यातून एक नवीन वस्तू तयार झाली. प्रसंग नसल्यामुळे ऐकणारा स्वतःचा प्रसंग घालतो. दीनानाथांच्या गाण्यात एक झडप आहे. सुरावर अलगद उतरायचं नाही, वरून पडायचं. पल्लेदार तान घ्यायची आणि ती गुळगुळीत न करता धारेसकट सोडायची. शब्दातली व्यंजनं ते गिळत नाहीत, उलट चावतात. पोशाख, पडदे, दिवे सगळे गेल्यावर तबकडीच्या खरखरीत ही झडप तेवढी उरते, आणि लक्षात येतं की नाटकातली बंडखोरी संवादांपेक्षा या गळ्यात जास्त होती.

याच गायकीचा वारसा सांगणारा पुढचा मोठा गळा अमरावती आणि अकोल्याच्या मधोमध जन्मला. वसंतराव देशपांडे, २ मे १९२०, मूर्तिजापूर. रेल्वेने जाणाऱ्याला मूर्तिजापूर ठाऊक असतं ते शकुंतलेमुळे. ती छोट्या रुळांची गाडी इथून एकीकडे यवतमाळला जाई, दुसरीकडे अचलपूरला. वसंतराव वाढले नागपुरात, शंकरराव सप्र्यांकडे शिकले, लहानपणी ‘कालिया मर्दन’ या चित्रपटात कृष्ण झाले, मग लष्कराच्या हिशोब खात्यात वर्षानुवर्षं नोकरी. आणि २४ डिसेंबर १९६७ रोजी, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, ‘कट्यार काळजात घुसली’मधले खाँसाहेब.

‘कट्यार’ मी रेडिओवर आधी ऐकलं, रंगमंचावर नंतर पाहिलं. नाटक लिहिणारे पुरुषोत्तम दारव्हेकर नागपूरचे. संगीत देणारे जितेंद्र अभिषेकी एके काळी मुंबई आकाशवाणीच्या कोकणी विभागात काम केलेले. कदाचित म्हणूनच हे नाटक आंधळ्यालाही पूर्ण दिसतं. त्यातला तंटाच कानाचा आहे. पंडितजींची गायकी आणि खाँसाहेबांची गायकी, दोन घराणी, दोन अभिमान. भार्गवराम आचरेकरांचे पंडितजी स्थिर, स्वर लावून धरणारे, शब्दाला सावकाश उजळवणारे. वसंतरावांचे खाँसाहेब तिरपे. तान सरळ चालत असते आणि मध्येच कूस बदलते, लय हातची सुटली असं वाटेपर्यंत ओढतात आणि मात्रेच्या कडेवर उतरतात. ते बोलतात तेव्हा वाक्य सुरात असतं, गातात तेव्हा शब्दाला बोलण्याची धार असते. रंगमंचावर दिवे आणि हालचाल सांगतात की आता संवाद संपला, पद सुरू झालं. रेडिओवर ही सीमाच नाही. माणूस रागावला होता आणि बघता बघता गायला लागला, एवढंच कळतं. मला वाटतं वसंतरावांचा खाँसाहेब डोळे मिटून जास्त भयंकर वाटतो. मत्सर चेहऱ्यावर दाखवता येतो, तो आवाजात दाखवणं अवघड, आणि तो तानेत दाखवणारा दुसरा माणूस मला माहीत नाही.

त्यातल्या सदाशिवाकडे मात्र लोकांचं पुरेसं लक्ष गेलं नाही. त्याला शिकायचं आहे, खाँसाहेब शिकवणार नाहीत. मग तो नोकर होऊन त्यांच्या घरात राहतो आणि काम करता करता, आडून, चोरून ऐकतो. वऱ्हाडात ख्याल ज्यांना म्हणून कळला त्यांतले निम्म्याहून जास्त असे सदाशिव आहेत. गुरू नाही, बैठक नाही, जवळ पैसा नाही. सरकी दळताना, वह्या तपासताना, गोठ्यात असताना भिंतीपलीकडे रेडिओ चालू. त्यांनी आडून ऐकलं आणि ठेवून घेतलं. आमच्याकडे एक शिंपीकाका येत. ते मशीन चालवता चालवता यमन आणि यमनकल्याण यांतला फरक सांगत. शुद्ध मध्यम आला की पायाची पट्टी क्षणभर थांबे. कुणाकडे शिकलात विचारलं तर बोट वर करून नागपूरची दिशा दाखवत.

भावगीतात रेडिओची एक सवय मला प्रिय होती. आधी कवीचं नाव. सुरेश भट अमरावतीचे हे आम्हाला शाळेने सांगितलं नाही, उद्घोषकाने त्यांचं नाव घेतलं की वडील वर्तमानपत्र खाली ठेवून सांगत. मेहकरच्या ना. घ. देशपांड्यांची ‘शीळ’ ही कविता ग. ना. जोशींनी १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला तबकडीवर गायली, आणि मराठी भावगीताच्या ध्वनिमुद्रणाची वाट तिथून रुळली, असं मानतात. म्हणजे भावगीत मुंबईत पिकलं तरी बियाणं बुलढाणा जिल्ह्यातलं. आमच्याकडचा माणूस हे सांगायला चुकत नाही, मी तरी का चुकू?

श्रुतिकेची वेळ झाली की कंदील बारीक करायचा नियम आमच्या आजोळी होता. वीज आल्यावरही बल्ब घालवत. कारण साधं होतं, अंधारात दिसतं जास्त. नारळाच्या करवंट्या आपटल्या की घोडा, चुरचुरता कागद चुरगाळला की आग, पत्र्याची शीट हलवली की गडगडाट, हे सगळं पुढे कळलं. तेव्हा घोडा घोडाच होता. नभोनाट्याचं व्याकरण कडक असतं. एका प्रसंगात तीन-चारपेक्षा जास्त आवाज चालत नाहीत, गोंधळ होतो. पात्र आत आलं की कुणीतरी त्याचं नाव घ्यायला हवं. लांबचा माणूस माइकपासून लांब उभा राहतो आणि बोलत बोलत चालत येतो, म्हणून अंतरही ऐकू येतं. आणि दोन पात्रांच्या आवाजाची जात वेगळी हवी.

या शेवटच्या अटीला वऱ्हाडात बोलीच उपयोगी पडायची. कचेरीतला कारकून छापील मराठी बोलला, अकोल्याच्या कापसाच्या बाजारातला शेटजी मारवाडी वळणाची हिंदी बोलला, बाळापूर-अचलपूरकडचा चाचा दखनी उर्दूत बोलला आणि शेतकरी वऱ्हाडीत बोलला की चौघांचं चित्र तयार. वर्णनाचा एक शब्द नको. नाटककाराला आयतं मिळालेलं हे भांडवल, पण बऱ्याच जणांनी ते आळसाने खर्च केलं हेही सांगायला हवं. वऱ्हाडी बोलायचा तो गडी, विनोदी म्हातारी नाहीतर सोंगाड्या. दुःख आलं की पात्र एकदम पुण्याचं व्हायचं! प्रेम तर कधीच वऱ्हाडीत झालं नाही. ऐकताना हसू यायचं आणि रागही.

उद्धव शेळक्यांची ‘धग’ १९६० साली आली तेव्हा ही चूक किती मोठी होती ते दिसलं. कौतिक ही शिंप्याच्या घरातली बाई, नवरा महादेव, दारिद्र्य, मग नवऱ्याचा महारोग. ती अख्खी शोकांतिका वऱ्हाडीत बोलते आणि एकदाही विनोदी वाटत नाही. ‘धग’ मोठ्याने वाचून पाहावी. तिचे संवाद डोळ्यांसाठी लिहिलेलेच नाहीत. कोण बोललं हे न सांगताही कळतं, वाक्य कुठे तुटलं यावरून माणसाची दमछाक कळते. पुढे १९८५ साली पारव्याच्या महेश एलकुंचवारांचं ‘वाडा चिरेबंदी’ रंगमंचावर आलं, तेव्हा देशपांड्यांच्या वाड्यातली, म्हणजे मानपानातली माणसंही तीच बोली बोलताना मुंबई-पुण्याच्या प्रेक्षकाने ऐकली. बरे लेखक मिळाले तेव्हा नभोनाट्यानेही ही उंची गाठली. एरवी त्याने आमच्या बोलीला माइक दिला आणि भूमिका मात्र नोकराची दिली.

शनिवारी रात्री संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम. तो १९५२ साली सुरू झाला, बाळकृष्ण केसकर माहिती-नभोवाणी मंत्री झाले त्या वर्षी. केसकर पुण्याचे. त्यांना सिनेसंगीत म्हणजे अधःपात वाटे आणि त्यांच्या काळात ते आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार झालं. परिणाम जगजाहीर आहे. दर बुधवारी रात्री वऱ्हाडातल्या घरोघरी रेडिओचा काटा लघुलहरींवर, सिलोनला. अमीन सायानी ‘बिनाका’ घेऊन बोलत आणि नागपूरची तिसरी सभा भिंतींना ऐकवली जाई. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती काढावी लागली, तेव्हा कुठे माणसं परत आली. केसकरांनी लोकांची आवड सुधारायला घेतली आणि लोकांनी देशच बदलला, निदान बुधवारपुरता. त्यांचा अहंकार मला पटत नाही. पण मामाजींच्या माडीवर शनिवारी जो ख्याल ऐकू यायचा, तो त्याच अहंकाराच्या खर्चाने यायचा.

विलंबित सुरू होईपर्यंत निम्मं घर झोपलेलं असे. अकोल्याला त्या वेळी लहरींचं ते भांडण ऐन भरात असे, त्यामुळे गायकाचा षड्‌ज दूर जाई, विरे, परत येई. मी लहानपणी समजत होतो की मोठे गवई असंच गातात. जवळ येतात, लांब जातात, आपण वाट पाहायची. पुढे सभागृहात समोर बसून ऐकलं तेव्हा आवाज हलत नाही याचंच आधी आश्चर्य वाटलं, आणि थोडा हिरमोडही झाला.

आता अकोल्याचं आपलं केंद्र आहे, एफएमवर १०२.४. नागपूर फोनवरच्या अ‍ॅपमध्ये लागतं, कुठूनही, कुठल्याही बाजूला तोंड करून. आवाज काचेसारखा. हवं ते लावता येतं, म्हणून मी बहुतेक वेळा नाट्यपद शोधतो आणि तुरीचा भाव चुकवतो.

या सगळ्या सभेत एकटा पुरून उरेल असा एक माणूस होता, तोही आमच्याच जिल्ह्यातला. गाडगेबाबा, शेंडगावचे. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीला येताना वलगावजवळ वाटेतच गेले. त्याआधी सहा आठवडे, ८ नोव्हेंबरला, मुंबईत बांद्र्याला त्यांचं कीर्तन झालं आणि सुदैवाने ते ध्वनिमुद्रित झालं. डिसेंबरात पुण्यतिथीच्या सुमारास ते कधी रेडिओवर लागे. त्यात गाणं आहे, नाटक आहे, बाजारभाव आहे, बातम्याही आहेत. दारू कितीला पडते, कर्ज कितीचं काढलं, नवसाला बोकड कितीचा. अक्षरओळख नसलेला माणूस, छापील मराठीचा एक शब्द नाही, सगळं वऱ्हाडीत, आणि ऐकणारे मुंबईचे. त्यांची रीत अशी की सांगायचं काहीच नाही, विचारायचं. प्रश्न टाकायचा आणि थांबायचं. समोरचे हजार लोक एका तोंडाने उत्तर देतात, ते उत्तर पकडून पुढचा प्रश्न, तो आधीच्यापेक्षा जरा अडचणीचा. चार प्रश्नांत माणूस स्वतःच्याच उत्तराने अडकतो. मग भजनाचा एक झटका, टाळ्या, लोक हसतात, आणि हसत असतानाच पुढचा प्रश्न. त्या थांब्यांची लांबी मोजून पाहण्यासारखी आहे. एकही थांबा दुसऱ्यासारखा नाही. जिथे उत्तर सोपं तिथे आखूड, जिथे लाज वाटावी तिथे लांब. खाँसाहेबांना लयीचं जे ज्ञान होतं ते या माणसाला प्रश्नांचं होतं.

रेडिओवर हे लागलं की त्या थांब्यात आमची आजी बसल्या जागेवरून उत्तर देई, मोठ्याने. ओट्यावरून शेजारची काकू आजीच्या उत्तराला हरकत घेई. पलीकडच्या घरातून आणखी कुणी. तोवर बाबांचा पुढचा प्रश्न येऊन गेलेला असे, आणि मामाजी ओरडत, "थांबा ना व बायाहो, तो काय म्हन्ते ते ऐकू द्या!" त्यावर आजीचं म्हणणं असे की तो मलाच इचारून राहिला, मी का चूप बसू.